डायलिसिसवरील रुग्ण आणि प्रतिजैविकांची मात्रा : पेण व रोहा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास डायलिसिसमुळे जीवदान मिळते. परंतु त्याच्या शरीरात औषधांचा प्रवास निरोगी माणसाप्रमाणे होत नाही. काही प्रतिजैविके शरीरात साचून विषारी ठरतात, तर काही डायलिसिसच्या यंत्रातून वाहून जातात व जंतुसंसर्ग तसाच राहतो. त्यामुळे अशा रुग्णाच्या बाबतीत ‘कोणते औषध’ या प्रश्नाइतकेच ‘किती’ आणि ‘केव्हा’ हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांमागील शास्त्रीय तत्त्वे सोप्या अंकगणिताच्या आधारे स्पष्ट केली असून रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांतील परिस्थितीच्या संदर्भात त्यांचे व्यावहारिक महत्त्व मांडले आहे.

बीजशब्द : डायलिसिस, प्रतिजैविके, अर्धायुकाल, औषधाची मात्रा, लेप्टोस्पायरोसिस, क्षयरोग, रायगड जिल्हा.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील सामान्य वृत्तपत्रवाचकाच्या कानी ‘डायलिसिस’ हा शब्द ठळकपणे पडला तो १९७५ च्या अखेरीस. आणीबाणीतील स्थानबद्धतेतून मुक्त झालेल्या जयप्रकाश नारायण यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यानंतर ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत त्यांचे जीवन डायलिसिसवर अवलंबून राहिले. त्या काळी हा उपचार मोठ्या शहरातील मोजक्या रुग्णालयांपुरता मर्यादित होता.

आज परिस्थिती पालटली आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या पहिल्या टप्प्यात रायगड जिल्ह्याचा समावेश होता. २०१७ पासून हीच योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. २०१६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही जाहीर केला. परिणामी, ज्या कुटुंबांना पूर्वी हा उपचार स्वप्नवत होता अशी अनेक कुटुंबे आज त्याचा लाभ घेत आहेत.

तथापि उपचार उपलब्ध होणे ही अर्धीच गोष्ट होय. पेण हे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेले, मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. तर रोहा हे कुंडलिका नदीकाठचे, धाटाव औद्योगिक क्षेत्राला लागून असलेले आणि कोकण रेल्वेचा उत्तरेकडील आरंभबिंदू ठरलेले गाव. या दोन्ही तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांवर राहणारा रुग्ण डायलिसिससाठी ठरलेल्या दिवशी केंद्रावर जातो. ते केंद्र जवळ असेल किंवा त्यासाठी अलिबाग, पनवेल, नवी मुंबई गाठावी लागत असेल. मात्र त्याला रात्री थंडी वाजून ताप येतो तो घरी, आणि प्रथम तपासतो तो गावातील डॉक्टर. ज्याच्या हाती डायलिसिसची नोंदवही आहे तो एकीकडे, आणि ज्याच्या हाती इंजेक्शन आहे तो दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांत हृदयविकाराखालोखाल जंतुसंसर्गाचा क्रम लागतो, हे लक्षात घेता या अंतराचे गांभीर्य सहज ध्यानी येईल.

२. उद्दिष्टे व लेखाचे स्वरूप

मूत्रपिंडविकारात औषधाची मात्रा का बदलावी लागते हे विशद करणे. डायलिसिसमुळे कोणती प्रतिजैविके शरीराबाहेर जातात व कोणती जात नाहीत याचे वर्गीकरण मांडणे. आणि पेण-रोहा परिसरातील विशिष्ट अडचणींचा विचार करणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. लेखाचे स्वरूप विवरणात्मक आहे. त्यातील मात्रांचे आकडे प्रौढ रुग्णांसाठी सर्वसाधारणपणे मान्य असलेले असून तत्त्व स्पष्ट व्हावे यासाठी दिले आहेत. प्रत्यक्ष रुग्णाची मात्रा त्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रतिजैविके आणि मूत्रपिंड यांचे नाते प्रतिजैविकांच्या जन्मापासूनचे आहे. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास पेनिसिलिन देण्यात आले. औषधाचा साठा इतका तोकडा होता की, त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा वेगळे काढून त्यालाच टोचले गेले. साठा संपला आणि रुग्ण दगावला. पेनिसिलिन मूत्रपिंडावाटे किती झपाट्याने बाहेर पडते याचा तो बोलका पुरावा होता. पुढे १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली व हे औषध देशातच तयार होऊ लागले.

दुसऱ्या बाजूस, १९४३ मध्ये नेदरलँड्समधील विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंडाचा पहिला व्यवहार्य नमुना वापरात आणला. १९६० मध्ये सिअॅटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीशी जोडलेली कायमस्वरूपी नळी वापरली, तर १९६६ मध्ये ब्रेशिया व चिमिनो यांनी धमनी व शीर जोडून ‘फिस्टुला’ तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रुग्ण वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगू लागले आणि त्यांना होणाऱ्या संसर्गाचा प्रश्न पुढे आला. १९६७ मध्ये कॅल्व्हिन कुनिन यांनी मूत्रपिंडविकारात प्रतिजैविके कशी वापरावीत यासंबंधी मार्गदर्शक लेख प्रसिद्ध केला. १९७६ मध्ये कॉक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी क्रिअॅटिनिनवरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता अजमावण्याचे सूत्र दिले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे सूत्र डायलिसिसवरील रुग्णास लागू पडत नाही. डायलिसिसनंतर लगेच केलेल्या तपासणीत क्रिअॅटिनिनचा आकडा उतरलेला दिसतो. ते काम यंत्राने केलेले असते. मूत्रपिंडात त्यामुळे कोणतीही सुधारणा झालेली नसते. असा अहवाल पाहून औषधाची मात्रा वाढविणे ही घातक चूक ठरते.

४. मात्रा ठरविणारे घटक

औषध शरीरात किती काळ टिकते हे ‘अर्धायुकाल’ या संज्ञेने सांगितले जाते. किरणोत्सारी पदार्थाप्रमाणेच येथेही, रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ म्हणजे अर्धायुकाल होय. व्हँकोमायसिन या औषधाचा अर्धायुकाल निरोगी माणसात चार ते सहा तास असतो. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाल्यास तो सुमारे एक आठवड्यापर्यंत लांबतो.

डायलिसिसमध्ये औषध किती प्रमाणात बाहेर जाईल हे मुख्यतः चार बाबींवर अवलंबून असते. पहिली, रेणूचा आकार : लहान रेणू पडद्याच्या छिद्रांतून सहज निसटतात. दुसरी, प्रथिनबंध : रक्तातील प्रथिनांना चिकटलेले औषध पडदा ओलांडू शकत नाही. तिसरी, वितरण-घनफळ : जे औषध रक्त सोडून पेशींमध्ये खोलवर शिरते ते रक्त गाळून फारसे हाती लागत नाही, विहिरीचे पाणी उपसले तरी जमिनीत मुरलेले पाणी निघत नाही, तसाच हा प्रकार. चौथी बाब म्हणजे खुद्द पडदा. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा असल्याने जुन्या सेल्युलोजच्या पडद्यातून तो फारसा बाहेर पडत नसे व आठवड्यातून एक मात्रा पुरत असे. आजच्या ‘हाय-फ्लक्स’ पडद्यांतून मात्र एका बैठकीत त्याचा एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग निघून जातो. म्हणजेच, जुन्या पुस्तकातील मात्रा नव्या यंत्रावरील रुग्णास अपुरी ठरते.

याखेरीज रुग्णास अद्याप किती लघवी होते हाही मुद्दा आहे. थोडीफार लघवी होत असेल तर तेवढे औषध सतत बाहेर जात राहते.

५. एक अंकगणिती उदाहरण

तत्त्व स्पष्ट होण्यासाठी जेंटामायसिनचे उदाहरण घेऊ. रुग्णाचे वजन ६० कि.ग्रॅ. असून हे औषध शरीरात प्रति कि.ग्रॅ. ०.२५ लिटर, म्हणजे एकूण १५ लिटर द्रवात पसरते असे मानू. १२० मि.ग्रॅ. औषध दिल्यास रक्तातील प्रमाण प्रति लिटर ८ मि.ग्रॅ. होईल. निरोगी माणसात अर्धायुकाल अडीच तास धरल्यास दहा तासांत चार वेळा निम्मे होऊन ते ०.५ वर येईल. मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णात अर्धायुकाल ५० तास धरल्यास ४८ तासांनंतरही ते ४.१ इतके राहील. त्यानंतर चार तासांच्या डायलिसिसमध्ये त्यातील निम्मे निघून जाऊन ते सुमारे २ वर येईल. अशा वेळी डायलिसिसनंतर पुढची, बेताची मात्रा देणे योग्य ठरते.

आता हीच १२० मि.ग्रॅ. मात्रा या रुग्णास दर आठ तासांनी दिली तर काय होईल? प्रत्येक आठ तासांत केवळ साडेदहा टक्के औषध कमी होत असल्याने सहाव्या इंजेक्शननंतर रक्तातील प्रमाण प्रति लिटर ३७ मि.ग्रॅ.च्या आसपास पोहोचेल. जेंटामायसिनच्या अशा साठ्याने अंतर्कर्णास कायमची इजा होऊन बहिरेपणा व तोल जाणे हे विकार जडू शकतात. उलटपक्षी, योग्य मात्राच डायलिसिस सुरू होण्यापूर्वी दिली तर ८ चे ४ होण्यास चारच तास लागतील व निम्मे औषध नळीवाटे वाया जाईल.

या उदाहरणातून आणखी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पहिल्या मात्रेनंतरचे ८ हे प्रमाण निरोगी व आजारी अशा दोघांतही सारखेच आहे. कारण पहिली मात्रा औषध किती द्रवात पसरते यावर ठरते. ते किती वेगाने बाहेर पडते यावर नव्हे. म्हणून ‘किडनी कमजोर आहे, तेव्हा सुरुवातीलाच अर्धे औषध द्यावे’ ही समजूत चुकीची आहे. पहिली मात्रा पूर्ण द्यावी आणि बदल पुढील मात्रांत व त्यांमधील अंतरात करावा, असा सर्वसाधारण नियम आहे. गंभीर संसर्गात पहिले दोन दिवस निर्णायक असतात. त्या काळात अपुरे औषध देणे प्राणावर बेतू शकते.

६. प्रतिजैविकांचे व्यावहारिक वर्गीकरण

अ) मात्रा सहसा न बदलावी लागणारी औषधे : सेफ्ट्रायाक्झोन मोठ्या प्रमाणात प्रथिनांना चिकटलेले असते व त्याचा बराच भाग पित्तावाटे बाहेर पडतो. डॉक्सिसायक्लिन व अॅझिथ्रोमायसिन यांचीही मात्रा बदलण्याची सहसा गरज नसते. लिनेझोलिडची मात्रा तीच राहते. परंतु डायलिसिसमध्ये त्याचा काही भाग निघून जात असल्याने त्या दिवशीची एक मात्रा डायलिसिसनंतर येईल असे पाहावे. या रुग्णांत लिनेझोलिडमुळे रक्तबिंबिका कमी होण्याची शक्यता अधिक असते.

ब) मात्रा किंवा अंतर बदलून, डायलिसिसनंतर द्यावयाची औषधे : या गटात बहुसंख्य औषधे येतात. मेरोपेनेम चोवीस तासांतून एकदा, सिप्रोफ्लॉक्सासिन दिवसातून एकदा, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल दिवसातून एकदा, अशी त्यांची साधारण रीत असून डायलिसिसच्या दिवशी ती डायलिसिसनंतर द्यावयाची असतात. सेफेपिमच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. मात्रा कमी न केल्यास रुग्ण गोंधळतो, असंबद्ध बोलतो, व कधी बाह्य झटके न दिसताही मेंदूत अपस्माराची स्थिती चालू राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१२ मध्ये याविषयी इशारा दिला होता. असा रुग्ण ‘वयोमानाने भ्रमिष्ट झाला’ असे घरच्यांना वाटण्याचा संभव असतो.

याच गटातील सेफॅझोलिन व व्हँकोमायसिन यांचा एक मोठा लाभ आहे. सेफॅझोलिन साधारणतः २ ग्रॅम, आणि पुढील डायलिसिस तीन दिवसांनी असल्यास ३ ग्रॅम, डायलिसिस संपताना यंत्राच्या नळीतूनच देता येते. दूरवरून येणाऱ्या रुग्णास त्यामुळे रोज इंजेक्शनसाठी हेलपाटे पडत नाहीत व हातातील शिराही वाचतात. शिरा वाचविणे ही गोष्ट क्षुल्लक नाही. कारण पुढील फिस्टुला त्यांतूनच तयार व्हावयाचा असतो. ज्या हातावर फिस्टुला आहे त्या हाताला सलाईन लावू नये, हा नियम प्रत्येक परिचारिकेस ठाऊक असावयास हवा. मात्र ही रीत आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस गृहीत धरते. खर्च व प्रवास यांमुळे जे रुग्ण दोनदाच डायलिसिस घेतात त्यांना ती जशीच्या तशी लागू करता येत नाही.

क) टाळावयाची औषधे : नायट्रोफ्युरँटॉइन हे लघवीच्या संसर्गासाठी सर्रास वापरले जाते. परंतु मूत्रपिंडे निकामी असल्यास ते लघवीत पुरेसे उतरत नाही व रक्तात साचून मज्जातंतूंना इजा करते. म्हणजे गुण नाही आणि अपाय मात्र आहे. को-ट्रायमॉक्साझोलमुळे रक्तातील पोटॅशियम वाढते, आणि डायलिसिसवरील रुग्णात तोच धोका आधीपासून असतो.

७. पेण-रोहा परिसरातील विशेष प्रश्न

लेप्टोस्पायरोसिस : कोकणात भातलावणीच्या काळात चिखलात राबणाऱ्यांना होणारा हा रोग मूत्रपिंडांना एकाएकी निकामी करू शकतो व काही दिवस डायलिसिस करावे लागते. पेनिसिलिन, सेफ्ट्रायाक्झोन व डॉक्सिसायक्लिन ही यावरील औषधे होत. यांपैकी शेवटच्या दोहोंची मात्रा बदलावी लागत नाही, ही स्थानिक डॉक्टरांच्या दृष्टीने सोयीची बाब आहे. पेनिसिलिनची मोठी मात्रा मात्र साचल्यास झटके येऊ शकतात, आणि त्याच्या पोटॅशियमयुक्त क्षारातून पोटॅशियमही शरीरात जाते. शिवाय या रोगात मूत्रपिंडे बहुधा पुन्हा कामाला लागतात. लघवी वाढू लागताच औषध अधिक वेगाने बाहेर पडते. म्हणून कालची मात्रा आज तपासून पाहणे आवश्यक ठरते.

क्षयरोग : डायलिसिसवरील रुग्णांत क्षयरोगाचे प्रमाण सामान्य लोकांपेक्षा अधिक आढळते. रिफॅम्पिसिन व आयसोनियाझिड नेहमीच्या मात्रेत देता येतात. परंतु पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही आठवड्यातून तीनदा, डायलिसिसनंतर देण्याची रीत आहे. इथॅम्ब्युटॉल साचल्यास दृष्टीस अपाय होतो. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७ पासून रोज घ्यावयाच्या एकत्रित गोळ्या रूढ झाल्या आहेत. ही सोय बहुसंख्य रुग्णांस हितकर असली तरी चारही औषधे एकाच गोळीत असल्याने डायलिसिसच्या रुग्णास ती तशीच देता येत नाही. आरोग्य केंद्रात नोंद करतानाच ‘डायलिसिस चालू’ हे दोन शब्द लिहिले जाणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

सोबतची औषधे : डायलिसिसवरील बहुतेक रुग्ण रक्तातील फॉस्फरस कमी ठेवण्यासाठी जेवणाबरोबर कॅल्शियम किंवा सेव्हेलॅमरच्या गोळ्या घेतात. याच वेळी सिप्रोफ्लॉक्सासिन घेतल्यास ते या गोळ्यांना चिकटून पोटातच अडकते. म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन आधी दोन तास किंवा नंतर सहा तास घ्यावे लागते. कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्सिसायक्लिनलाही अशाच आड येतात.

चुकलेले डायलिसिस : २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी असो वा जुलै २०२१ चा महापूर, रायगड जिल्ह्यातील रस्ते पावसाळ्यात बंद पडतात. ठरलेले डायलिसिस चुकले तर औषधही शरीरातच राहते. ‘डायलिसिसनंतर एक इंजेक्शन’ असे लिहून दिलेले असताना डायलिसिस न होता केवळ वार पाहून इंजेक्शन घेतले गेले, तर मात्रा साचू लागते.

८. संवादाचा प्रश्न : एक कल्पित उदाहरण

पेणमधील एका गणेशमूर्ती कारागिराची कल्पना करू. भाद्रपद जवळ आल्याने कारखान्यात कामाची घाई आहे. मंगळवार, गुरुवार व शनिवारी तो पनवेलला डायलिसिस घेतो. मानेत कॅथेटर आहे. गुरुवारी रात्री घरी परतल्यावर त्याला हुडहुडी भरून ताप येतो. शेजारचा डॉक्टर त्याला तपासतो.

येथे तीन चुका संभवतात. किडनीच्या भीतीने पहिलीच मात्रा अर्धी देणे, ही पहिली. इतर रुग्णांप्रमाणे दिवसातून तीनदा पूर्ण मात्रा देत राहणे, ही दुसरी. आणि शनिवारी पहाटे गाडी पकडण्यापूर्वी ‘प्रवासात त्रास नको’ म्हणून इंजेक्शन देऊन पाठविणे, ही तिसरी. तिन्ही चुका सद्हेतूनेच घडतात.

योग्य मार्ग असा : मानेत कॅथेटर असताना थंडी वाजून आलेला ताप हा रक्तातील संसर्ग समजून रुग्णास त्याच रात्री रुग्णालयात हलवावे, डायलिसिस केंद्राशी दूरध्वनीवर बोलावे, शक्य तेथे प्रतिजैविकापूर्वी रक्ताचे कल्चर घ्यावे, पहिली मात्रा पूर्ण द्यावी, औषध, मात्रा, तारीख व वेळ कागदावर लिहून तो कागद रुग्णाबरोबर द्यावा. शनिवारी केंद्रातील डॉक्टर डायलिसिसनंतर पुढची मात्रा ठरवतील. या साऱ्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक चिठ्ठी व एक दूरध्वनी पुरतो.

९. निष्कर्ष

१. डायलिसिसवरील रुग्णात प्रतिजैविकाची पहिली मात्रा सर्वसाधारणपणे पूर्ण असावी. बदल पुढील मात्रांत व अंतरात करावा.

२. डायलिसिसमध्ये बाहेर जाणारी औषधे डायलिसिसनंतर द्यावीत. वेळ हाही मात्रेचाच भाग होय.

३. सर्व प्रतिजैविकांना एकच नियम लागू पडत नाही. प्रत्येक औषधाचा स्वभाव वेगळा आहे.

४. ग्रामीण भागातील मुख्य अडचण माहिती योग्य हाती न पोहोचणे ही आहे. औषधाच्या अभावापेक्षा ती अधिक जाणवते.

१०. सूचना

प्रत्येक रुग्णाजवळ मराठीत एक छोटी वही असावी. तीत डायलिसिसचे वार, केंद्राचा दूरध्वनी क्रमांक, कोरडे वजन, दिवसभरात होणारी लघवी, फिस्टुला कोणत्या हातावर आहे, ज्या औषधांचा त्रास झाला ती औषधे, आणि दिलेल्या प्रत्येक प्रतिजैविकाची मात्रा व वेळ यांची नोंद असावी. औषध विक्रेत्यांनीही ही वही पाहण्याची सवय लावून घ्यावी. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीनुसार तिसऱ्या व चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनसारख्या औषधांच्या विक्रीची नोंद त्यांना ठेवावीच लागते. त्याच वेळी ‘डायलिसिस चालू आहे का?’ हा एक प्रश्न विचारणे अवघड नाही.

महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येईल. अर्धायुकालाचे गणित रसायनशास्त्र व गणिताच्या वर्गात स्थानिक उदाहरणाने शिकविता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून वहीचा नमुना गावोगाव पोहोचविता येईल. मराठी विभागास तिची भाषा सुबोध करून देता येईल. आठवड्यातून तीन दिवस यंत्राशी बांधलेल्या माणसास उरलेल्या चार दिवसांत निर्धास्तपणे जगता यावे, यासाठी ही छोटीशी नोंद मोलाची ठरेल.